आनंदाचा वाटेकरी

पंचांग उघडून पाहण्याची सवय ज्या घरांत अद्याप उरली आहे, तेथील मंडळींच्या ध्यानात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आली असेल. सन २०२२ मध्ये ३ मे रोजी अक्षय्य तृतीया होती आणि त्याच दिवशी रमजान ईदही होती. पुढल्या वर्षी पुन्हा तोच योग आला; २२ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी आमच्या घरी उदककुंभाचे दान झाले आणि गोळीबार मैदानावरील ईदगाहात ईदचा नमाज झाला. त्यानंतर मात्र ही संगत सुटली. २०२३ साली श्रावण अधिक आला, आमचे महिने एका महिन्याने पुढे सरकले आणि ईद चैत्रात आली. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला व ईद ११ एप्रिलला झाली. २०२५ साली तर ३० मार्चला गुढी उभारली आणि दुसऱ्याच दिवशी ईद उजाडली.

यात चमत्कार काही नाही. मुसलमानांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, आणि आमच्या पंचांगात शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या घरात ‘चंद्रदर्शन’ असे जे छापलेले असते, तीच ही कोर. आम्ही जिला बीजेची कोर म्हणतो, तीच त्यांच्या ईदचा चाँद होय. भेद आहे तो पुढे. बारा चांद्र मास मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी उणे. ही तूट आम्ही अधिक मास घालून भरून काढितो, म्हणून आमची दिवाळी शरदातच येते. कुराणाच्या नवव्या अध्यायात महिने असे पुढेमागे सरकविण्यास मनाई आहे, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो व सुमारे तेहतीस वर्षांनी पूर्वस्थळी येतो. परिणाम असा, की पुण्यातील ज्या मनुष्यास एखाद्या वर्षी वैशाखातील चौदा तासांहून अधिक वेळाचा निर्जळ रोजा पाळावा लागतो, त्यालाच आयुष्यात केव्हातरी मार्गशीर्षातील बारा तासांचा सोपा रोजाही लाभतो. कष्टाची ही वाटणी कोणी एका पिढीने किंवा एका देशाने ठरविलेली नाही. ती आकाशावर सोपविली आहे.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय कालगणना हा नव्हे. ईद आणि अक्षय्य तृतीया एका दिवशी आल्या, तेव्हा आमच्या मनात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. आनंद भोगण्याचा अधिकार मनुष्यास कशाने प्राप्त होतो? तो कष्ट करून मिळवावयाचा असतो, कोणास काही देऊन फेडावयाचा असतो, की जन्मतःच त्याला असतो? आणि आपल्या आनंदात दुसऱ्यास वाटा देणे हे जर कर्तव्य असेल, तर दुसऱ्याने देऊ केलेला वाटा घेणे हेही कर्तव्य आहे काय? या प्रश्नाच्या पहिल्या भागास ईदने एक उत्तर दिलेले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र आम्हांस आमच्याच घरात शोधावे लागले.

प्रथम ईदची रीत पाहू. रमजान हा मुसलमानी वर्षाचा नववा महिना. पहाट फुटण्यापूर्वी सहरीचे अन्न घ्यावयाचे आणि सूर्यास्तास, बहुधा खजुराने, रोजा सोडावयाचा. मधल्या काळात अन्न नाही, पाणी नाही, तंबाखू नाही. शिवाय खोटे बोलणे, भांडणे व चहाडी करणे यांनी रोज्याचे सत्त्व जाते, असे सांगितलेले आहे. आजारी व प्रवासी यांस सूट आहे. त्यांनी राहिलेले रोजे पुढे भरून काढावेत, आणि वार्धक्यामुळे ज्यांस ते कधीच शक्य नाही, त्यांनी चुकलेल्या प्रत्येक दिवसामागे एका गरिबास जेवू घालावे. असे एकोणतीस किंवा तीस दिवस गेले म्हणजे सायंकाळी गच्चीवर, रस्त्यावर, मशिदीच्या अंगणात लोक पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहतात. ढग असले, तर इतर गावांहून साक्ष येण्याची वाट पाहतात. चंद्र दिसला की महिना संपला. पुढचा दिवस शव्वाल महिन्याचा पहिला, म्हणजे ईद-उल्-फित्र; ‘फित्र’ म्हणजे उपवास सोडणे.

या दिवशी उपवास करण्यास मनाई आहे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. एखादा मनुष्य अतिशय विरक्त असला, महिनाभराच्या रोज्यांनी त्याचे समाधान झाले नसले आणि आणखी एक दिवस उपाशी राहावे असे त्यास वाटले, तरी ईदच्या दिवशी धर्म त्यास तसे करू देत नाही. उलट, नमाजास निघण्यापूर्वी काहीतरी गोड तोंडात घालून निघावे, अशी प्रथा आहे. स्नान करावे, असतील त्यांतले चांगले कपडे घालावेत, अत्तर लावावे, शक्य तर एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतावे. तात्पर्य, येथे आनंद ही सवलत नसून आज्ञा आहे. ज्याने महिनाभर इच्छेला लगाम घातला, त्याने त्या लगामाचाच मोह धरू नये, असा यातील अभिप्राय दिसतो. तपस्व्यांस भोगाचा मोह होतो हे आपल्या पुराणांनी पुष्कळ सांगितले आहे. तपस्व्यांस तपाचाच मोह होतो, हे त्यामानाने थोडे सांगितले गेले आहे.

मात्र या आनंदाच्या दारात एक देणे उभे आहे. त्याचे नाव फित्रा. नमाजास उभे राहण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाने स्वतःबद्दल आणि आपल्या अज्ञान मुलांबद्दल ठरलेले धान्य, किंवा हनफी पंथाच्या मताने त्याची किंमत, गरजूंस पोहोचविली पाहिजे. मूळ माप अरबस्तानातील ‘साअ’ हे आहे. हनफी हिशेबाने गव्हाचे माप माणशी पावणेदोन-दोन किलोंच्या आसपास येते, इतर पंथांच्या हिशेबाने याहून अधिक. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या तान्ह्या मुलाचाही फित्रा द्यावा लागतो. त्या मुलाने रोजा केलेला नसतो, नमाज त्यास ठाऊक नसतो. पण आनंदाच्या पंक्तीत तो बसला, म्हणून त्याच्या नावाने एक माप धान्य बाहेर गेलेच पाहिजे. नमाजानंतर दिले तर ते साधे दान ठरते, फित्रा ठरत नाही, असे परंपरा सांगते. म्हणजे देण्याइतकेच देण्याच्या वेळेसही महत्त्व आहे. ईदच्या सकाळी गरिबाच्या घरीही चूल पेटलेली असावी, त्यास त्या दिवशी तरी हात पसरण्यास निघावे लागू नये, हा हेतू त्यात उघड आहे.

फित्रा आणि जकात या दोन वस्तू निराळ्या आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. पुणेकरांची जकातीशी ओळख २०१३ सालापर्यंत शहराच्या वेशीवरील नाक्यांमुळे होती. शब्द तोच, परंतु धर्मातील जकात ही श्रीमंतावरील आकारणी आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठराविक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा त्याने द्यावयाचा असतो. फित्रा हा संपत्तीवर नसून माणसांवर आहे. घरात जितकी तोंडे तितकी मापे. हनफी मताने तो ठराविक ऐपतीच्या मनुष्यासच लागतो. परंतु शाफिई मताने, आणि आपले कोकणी मुसलमान शाफिई आहेत, ज्याच्या घरी त्या दिवसापुरते खाऊन काही उरते, त्या प्रत्येकास तो लागतो. त्यामुळे एखाद्या गरिबास एका हाताने फित्रा मिळावा आणि त्यातूनच दुसऱ्या हाताने त्याने आपला द्यावा, असेही घडू शकते. वरवर पाहता हा व्यर्थ खटाटोप वाटेल. परंतु वर्षातून एक दिवस तरी घेणाऱ्यास देणाऱ्याच्या रांगेत उभे राहता यावे, यात त्या मनुष्याच्या प्रतिष्ठेची जी जपणूक आहे, ती धान्याच्या मापाने मोजता येणार नाही.

येथे विचारी वाचकांकडून काही आक्षेप येतील, आणि ते येणे योग्यच आहे. आगरकरांच्या शहरात व्रतवैकल्यांविषयी लिहावयाचे आणि त्यांची तपासणी करावयाची नाही, हे शोभणारे नाही.

पहिला आक्षेप असा, की आज्ञेने दिलेले दान हे दानच नव्हे. नीती ही अंतःकरणातून उपजली पाहिजे. धर्माने माप ठरवून दिले, वेळ ठरवून दिली, मग देणाऱ्याचे स्वतःचे ते काय उरले? यावर आमचे म्हणणे असे, की ज्यास आपण उदारता म्हणतो, तिच्यात देणाऱ्याचे ‘मी’पण पुष्कळ वेळा मिसळलेले असते. मनास आले तेव्हा, दया आली त्यास, आणि त्याने उपकार मानावेत अशा बेताने आपण देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात परतफेड करू न शकणाऱ्यास, योग्य देश व काल पाहून, केवळ द्यावयाचे म्हणून देणे यावरच भर आहे. देणे हे ऋण मानले, म्हणजे देणाऱ्याची ऐट जाते आणि घेणाऱ्याची लाज जाते. वाण्याची उधारी फेडताना कोणी त्याच्याकडून आभाराची अपेक्षा करीत नाही. फित्र्याच्या आज्ञेने नेमके हेच साधले आहे. अंतःकरणाची उदारता तिने अडविलेली नाही. ज्यास अधिक द्यावयाचे असेल, त्याने गव्हाऐवजी खजूर किंवा मनुका यांच्या भावाने द्यावे, ही वाट मोकळीच आहे. आज्ञेने फक्त तळ बांधून दिला आहे.

तरीही या उत्तराने आक्षेप पुरता मिटतो, असे आम्ही म्हणणार नाही. धनिकास दोन किलो गहू म्हणजे काहीच नव्हे. ते देऊन ‘आता आपण मोकळे झालो’ असे त्याने मानले, तर आज्ञेचे अक्षर पाळले गेले आणि तिचा आत्मा बाहेरच राहिला. हा धोका सर्वच नियमबद्ध धर्माचरणात आहे. अक्षय्य तृतीयेस मातीचा एक कुंभ भरून दिला, म्हणजे उन्हाळाभर दारावरच्या तहानेल्यास पाणी नाकारण्याची मुभा मिळत नाही. पण तसे मानणारे आमच्यातही आहेतच.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. उपवासाने उपाशी मनुष्याचे दुःख कळते, असे म्हणतात. ते खरे आहे काय? आम्हांस वाटते, ते अर्धेच खरे आहे. रोजा धरणाऱ्यास सूर्यास्त केव्हा होणार, हे मिनिटासह ठाऊक असते. घरात अन्न आहे, हेही ठाऊक असते. त्याच्या भुकेस शेवट आहे व तो शेवट गोड आहे. परंतु ज्याच्या भुकेस मगरिबची अजान नाही, त्याची भूक ही निराळीच वस्तू आहे; तिच्यात पोटाच्या कळेबरोबर उद्याची भीतीही असते. स्वेच्छेने पत्करलेल्या भुकेने त्या भुकेची ओळख फार तर दुरून होते. आम्हांस तर असे वाटते, की ही उणीव ओळखूनच रोज्यांच्या शेवटी धान्य ठेविलेले असावे. तीस दिवस एक मनुष्य उपाशी राहिला, म्हणून दुसऱ्याच्या पोटात घास जात नाही. घास जावयाचा तर धान्यच द्यावे लागते. रोज्यांत वृथा बोलण्याने वगैरे जी उणीव राहिली असेल, ती फित्र्याने धुऊन निघते, असे परंपरेत सांगितले आहे. त्यात आम्ही एवढीच भर घालू, की दुसऱ्याचे दुःख आपल्यास कळले, असा जो गैरसमज उपवासाने होतो, तोही त्यानेच धुऊन निघावा.

तिसरा आक्षेप रस्त्यावर दिसणारा आहे. रमजानात दिवसा उपवास आणि रात्री मेजवानी, असे चालते. मोमीनपुऱ्यात आणि कोंढव्यातील कौसरबागेत रात्री जी गर्दी उसळते, ती पाहून हा संयमाचा महिना की खाण्याचा, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न खोटा नाही. परंतु ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आम्ही आमच्यासाठीच केलेली आहे, हे विसरू नये. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी आणि वर दाण्याची आमटी असा फराळ करून ज्यांनी उपवास पार पाडला, त्यांनी शेजाऱ्याच्या इफ्तारीचे ताट मोजू नये. दुसरे असे, की त्या गर्दीत ज्यांनी एकही रोजा धरलेला नाही, अशांची संख्या लहान नसते. त्यांत आमच्या सदाशिव-नारायण पेठांतली तरुण मंडळीही असतात. त्यांच्याविषयी पुढे बोलावयाचे आहे.

या सर्व आक्षेपांची एक कसोटी काळानेच घेतली. २०२० साली ईद २५ मे रोजी आली, तेव्हा देशभर टाळेबंदी होती व पुणे शहर साथीने ग्रासलेले होते. ईदगाहाचे मैदान मोकळे राहिले. लोकांनी घराघरांत नमाज पढले. गळाभेट नाही, पाहुणे नाहीत, मुलांना ईदी देण्यास येणारे मामा-चाचा नाहीत. पुढच्या वर्षी, १४ मे २०२१ रोजीही, जवळपास तसेच झाले. सणाचा सारा थाट असा गळून पडला, तेव्हा उरले काय? चंद्र उरला, घरातला नमाज उरला आणि फित्रा उरला. मैदान बंद होते म्हणून फित्रा माफ झाला नाही. रोजगार बुडालेल्या त्या दिवसांत त्याची गरज उलट वाढलेली होती. सणातून काय काढून घेतले असता सण उरतो आणि काय काढून घेतले असता उरत नाही, याचे उत्तर आम्हांस त्या वर्षी मिळाले.

येथवर आम्ही देण्याविषयी लिहिले. आता घेण्याविषयी, आणि येथे आम्हांस आमच्याच घरातली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

आमचे बालपण कसब्यातल्या एका वाड्यात गेले. एका अंगास कसबा गणपती, दुसऱ्या अंगास शेखसल्ल्याचा दर्गा, आणि मधल्या बोळात आमचा वाडा. भिंतीपलीकडे एक मुसलमान कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंस आम्ही मुले चाची म्हणत असू. ईदच्या दिवशी दुपारी चाची विणकामाच्या रुमालाखाली झाकलेले मोठे भांडे घेऊन येत. आत शिरखुर्मा असे. ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. तुपात परतलेल्या शेवया, चारोळ्या, बदाम-पिस्ते आणि आटविलेले दूध. त्यात सामिष असे काहीही नाही, हे आमच्या आजीस ठाऊक होते. ती दारापर्यंत जाई, दोन्ही हातांनी भांडे घेई, चाचींना ओसरीवर बसवी, मुलाबाळांची चौकशी करी. चाची गेल्या, की ते भांडे आत न येता मागल्या दारी जाई आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या डब्यात ओतले जाई. मग ते घासून, त्यात साखर घालून परत पाठविले जाई. कारण रिकामे भांडे परत करू नये, हा आमच्या घरचा दंडक होता. दिवाळीस आमच्या करंज्या-चकल्या पलीकडे जात आणि त्या तेथे खाल्ल्या जात, हे आम्ही मुले डोळ्यांनी पाहत असू.

आजी दुष्ट नव्हती. अक्षय्य तृतीयेस ती उदककुंभ देई, चैत्रात दारावर येणाऱ्या प्रत्येकास पन्हे देई. कोणास दुखवावे, हे तिच्या मनातही नसे. तिच्या दृष्टीने तिने दोन्ही धर्म सांभाळले होते: शेजाऱ्याचा मान राखिला आणि आपले सोवळे राखिले, शिवाय एका गरीब बाईच्या मुलांस गोड खावयास मिळाले. हा हिशेब इतका चोख होता, की त्यातली चूक आमच्या ध्यानात यावयास पुष्कळ वर्षे गेली.

ती चूक अशी. फित्र्याचे धान्य कसे असावे, याविषयी शाफिई मत असे आहे, की ते त्या गावाच्या नित्याच्या आहारातले असावे. आपण जे खातो, तेच दुसऱ्यास द्यावे. आमच्या मागल्या दारी याच्या नेमके उलट घडत होते. जे आमच्या मुखास चालत नव्हते, ते आम्ही गरिबास देत होतो आणि वर त्यास दान समजत होतो. दुसरे असे, की शिरखुर्मा हा फित्रा नव्हे. फित्रा गरजूचा हक्क आहे. शिरखुर्मा बरोबरीच्या माणसास दिला जातो. तो देणाऱ्याचे म्हणणे इतकेच असते, की आज आमच्या घरी आनंद आहे, तुम्ही त्यात बसा. तो पदार्थ दोन्ही हातांनी घेऊन मुखात न घालणे, म्हणजे आमंत्रण घेऊन पंक्तीस न जाणे होय. अपमान न दिसता केलेला तो अपमान होता.

आणि तो दिसत नव्हता, हाही आमचाच भ्रम होता. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. त्या वर्षी ईदच्या दिवशी चाची आल्या, त्यांच्या हाती नेहमीचे भांडे नव्हते; सुपात शेवयांचा पुडा, खजूर, चारोळी, साखर आणि एका लोट्यात दूध होते. त्या आजीस म्हणाल्या, “आजी, यंदा कच्चंच आणलंय. दूध आपल्या दोघींच्या गवळ्याचंच आहे. तुमच्या चुलीवर तुमच्या हातानं करा, म्हणजे झालं.” आजी काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने सूप घेतले आणि चाचींना म्हणाली, “बस, चहा घेऊन जा.” त्या दिवशी आमच्या घरी प्रथमच शिरखुर्मा झाला. आजीने देवास नैवेद्य दाखविला आणि स्वतः वाटीभर खाल्ला. त्यानंतर दर वर्षी शिधा येऊ लागला. शिजविलेलेच आण, असे म्हणण्याचे धैर्य आजीस अखेरपर्यंत झाले नाही, आणि चाचींनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

चाचींनी तो शिधा आणिला, तो मान राखण्यासाठी की टोचण्यासाठी, हे आम्हांस आजही निश्चयाने सांगता येत नाही. कदाचित दोन्हीसाठी असेल. परंतु इतके खरे, की आनंदाचा वाटा देण्याकरिता त्या आपल्या घरच्या उंबऱ्यावरून खाली उतरल्या; आणि घेण्याकरिता आम्ही आमच्या उंबऱ्यावरून अर्धेच पाऊल टाकिले. देणाऱ्यास किती वाकावे लागेल, हे पुष्कळ वेळा घेणाऱ्याच्या ताठपणावर अवलंबून असते. आपण नीतिशास्त्रात दात्याची परीक्षा करितो. घेणाऱ्याची क्वचितच करितो. वास्तविक घेण्यासही मन मोठे लागते. देताना आपण वर असतो, म्हणून देणे सोपे जाते. बरोबरीच्या माणसाकडून घेताना त्याची बरोबरी कबूल करावी लागते, आणि तेथेच आपला हात आखडतो.

आता तो वाडा नाही. त्याच्या जागी इमारत उभी आहे. चाचींचे कुटुंब कोंढव्यास गेले, आम्ही कोथरुडास आलो. दोन्ही कुटुंबांस पूर्वीपेक्षा अधिक खोल्या, अधिक उजेड आणि नळास अधिक पाणी मिळाले. मधली भिंत तेवढी राहिली नाही, कारण शेजारच राहिला नाही. आमच्या नातवंडांस सोवळे म्हणजे काय, हे पुस्तकातूनच कळेल. ती रमजानच्या रात्री मित्रांसह कौसरबागेत जातात, रांगेत उभी राहून आवडीने खातात, आणि आमच्या आजीची गोष्ट ऐकून हसतात. त्यांचे हे मोकळेपण आम्हांस प्रिय आहे. परंतु त्यांस आम्ही एक प्रश्न विचारला, की ज्यांच्या पदार्थांवर तुम्ही इतके खूश आहात, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी तुम्ही ईदला गेला आहात काय? तेव्हा ती गप्प बसली. पैसे देऊन घेतलेल्या पदार्थाचा हिशेब तेथल्या तेथे मिटतो. खाणारा कोणाचा ऋणी होत नाही आणि खाऊ घालणाऱ्यास त्याचे नावही कळत नाही. आजीने शेजारणीच्या हातून घेतले, पण खाल्ले नाही. नातवंडे खातात, पण कोणाच्या हातून घेत नाहीत. दोहोंतून शेजार साधला नाही.

म्हणून आमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आम्ही असे देतो. आनंदाचा वाटा देणे हे कर्तव्य असेल, तर तो घेणे हेही कर्तव्य आहे; कारण घेणारा नसेल, तर देणाऱ्याचे कर्तव्य पुरे होऊच शकत नाही. ईदच्या रीतीत पहिला वाटा गरजूचा आहे आणि तो नमाजापूर्वी गेला पाहिजे. तेथे आमचे काही काम नाही, दूर राहून आदर करणे पुरे. परंतु नमाजानंतरचा वाटा शेजाऱ्याचा आहे, आणि या शहरात तो शेजारी म्हणजे आम्ही आहो. तो वाटा आमच्यापर्यंत चालत येण्याइतके अंतर आता थोडे राहिलेले नाही, तेव्हा जाणे आमच्याकडे लागले. निमंत्रणाची वाट पाहत बसणे, हे त्या जुन्या ताठपणाचेच नवे रूप होईल.

गेल्या ईदला आम्ही कोंढव्यास गेलो. चाची आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडले. आम्ही कोण, हे सांगावे लागले. वाड्याचे नाव निघताच त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, आणि आम्हांस बसावयास सांगून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने दारातूनच त्यांनी संकोचाने विचारले, “आमच्याकडे शिजवलेलं चालतं ना तुम्हाला?” म्हणजे ती गोष्ट त्यांच्याही घरी सांगितली गेली होती, इतकी वर्षे, एका सुनेपर्यंत. आम्ही म्हणालो, “त्याचसाठी आलो आहो.” त्यांनी वाटी आणून दिली.

ती आम्ही तेथेच बसून संपविली. चव आजीच्या हातच्याहून निराळी होती. दूध अधिक आटविलेले होते.